बांबूच्या बेटाकडची वाट

४ सप्टेंबर

काम मिळालं. आधी लिहून टाकते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. ओढ्याकाठची ती पडीक जागा, जिथे पूर्वी वीटभट्टी होती आणि आता घाणेरीची झुडपं माजली आहेत, तिथे वसाहतीसाठी बाग करायची. आजवर मी लोकांच्या बंगल्यांमागची अंगणं केली. सगळ्यांसाठी असलेली, कुणीही यावं-जावं अशी बाग पहिल्यांदाच.

वसाहत समितीच्या सचिवांना मधोमध कारंजं हवंय आणि कारंज्याशेजारी सिमेंटची दोन हरणं. मी म्हटलं, खरे पक्षी, खरी फुलपाखरं येतील अशी बाग करू या की. ते म्हणाले, "खरे पक्षी घाण करतात." कप्पाळ!

मग मी त्यांना माझी पद्धत सांगितली. मी नकाशात आधी वाटा काढत नाही. कचरा उचलायचा, कुंपणाची दारं सताड उघडी ठेवायची, गवत वाढू द्यायचं आणि महिनाभर हाताची घडी घालून बसायचं. लोक ये-जा करतात, गवत दबतं. जिथे वाट मळेल तिथेच दगड टाकायचे. जमीन आणि माणसं मिळून बाग ठरवतात, आपण फक्त बघायचं. सचिव माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे नकाशा लोकांनी पायांनी काढायचा आणि खाली सही तुमची?" म्हटलं, तसंच समजा. हसले तरी. हे नीट झालं तर ओढ्यापलीकडची मोठी जागाही माझ्याकडे देऊ, असं मोघम बोलले आहेत. मला ती हवी आहे. फार हवी आहे.

घरी जेवताना सांगितलं. नवरा खूश. बाबांनी मान हलवली. सासूबाई गेल्यापासून माझ्या सासऱ्यांची मान तेवढी हलते, जीभ नाही. हा माणूस जन्मभर दातांचा डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायचं, त्यामुळे उलट उत्तर द्यायच्या त्या एकट्या सासूबाई. खिडकी उघडी की बंद, पंखा हळू की जोरात, यावरून दोघं दिवसभर तणतणायचे. आता घर इतकं शांत की चमचा ठेवला तरी दचकायला होतं. आणि जेवण म्हणजे दोन घास, तेही आमचं मन राखायला.

९ सप्टेंबर

नणंदेचं फोनवरून फर्मान: बाबांना एक क्षण एकटं सोडायचं नाही, आणि त्यांना दुखवेल असं अवाक्षर बोलायचं नाही. फर्मान सोडायला काय जातं, ती राहते लांब. पण मुद्दा बरोबर आहे. आम्ही पाळ्या लावल्या आहेत. सकाळी मी, संध्याकाळी नवरा. दुपारी बाबा वाचनालयात जातात. तिथे माणसं असतात, म्हणून ते चालवून घेतलंय.

१७ सप्टेंबर

वाटा उमटायला लागल्या! आज सगळी जागा पालथी घातली. पुढच्या दारापासून बसथांब्याकडे जाणारी एक, रुंद आणि सरळ, कामावर जाणाऱ्यांची. शाळेकडची नागमोडी, कारण मुलांना सरळ चालता येत नाही. ओढ्याकाठाने कुत्रीवाल्यांची, जागोजागी थबकणारी. माणसं कशी आहेत ते त्यांच्या पायांवरून कळतं, यावर माझा ठाम विश्वास आहे आणि मी ते बिनचूक वाचते, असं मला वाटतं. वाटू दे, माझी डायरी आहे.

पण एक वाट मला कळली नाही. मागच्या भिंतीला वाचनालयाच्या गल्लीच्या बाजूने खिंडार पडलंय. तिथून एक अरुंद वाट निघते, घाणेरीच्या जाळीला वळसा घालते, खोलगट भागात बांबूचं बेट आहे तिथे जाते आणि संपते. पुढे काही नाही. बांबूखाली चार हात जागा झाडल्यासारखी स्वच्छ. वाटेच्या उजव्या अंगाला ओळीने छोटी गोल भोकं. चोचीने किडे काढणारा कुठलातरी मोठा पक्षी असणार. एवढ्या सरळ ओळीत खणणारा पक्षी मी तरी पाहिलेला नाही.

कोण येतं इथे? आणि कशाला?

१८ सप्टेंबर

जेवताना सगळ्यांना त्या वाटेबद्दल सांगितलं. नवरा म्हणाला प्रेमी युगुल असेल. मी म्हटलं, मग वाट दोन माणसांची असती, ही एकाची आहे. "उद्या दुपारी मी दबा धरून बसणार आहे," असं जाहीर केलं. बाबांनी पाणी पिताना ठसका लावून घेतला.

१९ सप्टेंबर

जाळीमागे दुपारभर बसले. डास चावले, पायाला मुंग्या आल्या. चिटपाखरू फिरकलं नाही. बाबाही आज वाचनालयात गेले नाहीत, कंटाळा आला म्हणाले.

२६ सप्टेंबर

आज जेवताना पुन्हा जाहीर करून पुन्हा जाऊन बसले. पुन्हा कुणी नाही. आणि मी नसते तेव्हा मात्र वाट ताजी तुडवलेली असते! हा जो कोण आहे तो मनकवडा आहे.

बाबांचा घसा बसलाय. वाचनालयात बसून घसा कसा बसतो, हे नवऱ्याला कोडं पडलंय. मी म्हटलं, जुन्या पुस्तकांची धूळ. मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. बाकी तब्येत मात्र सुधारतेय. काल मागून भात घेतला. चेहरा उतरलेला नसतो. पायजम्याला कुसळं होती ती माझ्या कपड्यांतून लागली असणार, एकत्र धुतो ना आम्ही. काठीचं रबर कुठेतरी पडलंय म्हणत होते, नवरा नवीन आणणार आहे.

३ ऑक्टोबर

बांबूच्या बेटात आज मीच जाऊन बसले. आणि काय सांगू, उठवेना. खोलगट असल्यामुळे रस्त्याचा आवाज येत नाही. वर पानांची सळसळ इतकी की शेजारच्याला आपलं बोलणंही ऐकू जाणार नाही. माझ्या एकदम लक्षात आलं, हाच तर बागेचा गाभा! मी कारंज्याला पर्याय शोधत होते आणि कुणा अनोळखी माणसाच्या पायांनी मला तो आयता दाखवला. गवत कधी खोटं बोलत नाही. लोकांना बसायला जागा हवी आहे ती इथे.

घाणेरी काढायची, खिंडाराच्या जागी रुंद दार करायचं, बांबूभोवती दगडी बाकांचं कडं. हात नुसते शिवशिवतायत.

१२ ऑक्टोबर

समितीने मंजूर केलं! कारंजं गेलं, हरणं गेली. मी ती अरुंद वाट दाखवली, गवत खोटं बोलत नाही हे सांगितलं आणि म्हटलं, "एका माणसाला हवं होतं तेच सगळ्यांना हवं असतं, फक्त त्यांना अजून माहीत नसतं." टाळ्या पडल्या. सचिव हे वाक्य आता जिथे तिथे सांगत सुटलेत. मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन नकाशा टेबलावर पसरला. बाबा चष्मा लावून बघत होते. बांबूवर बोट ठेवून म्हणाले, "इथे सगळे येणार?"

"सगळे! लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळे. तुम्हीसुद्धा या. छान आहे ना, बाबा?"

चष्मा काढून म्हणाले, "छान आहे." एवढं बोलले याचाच मला आनंद झाला.

३० ऑक्टोबर

काम जोरात. मुकादम मला 'गवतवाल्या बाई' म्हणतो, तोंडावर. बाकांचे दगड एकसारखे नकोत म्हटलं तर म्हणाला, "बाई, वाकडं काम करायलाच जास्त वेळ लागतो." चढावर उंच गवतं लावली, ओढ्याकाठी लव्हाळी. मधमाश्या आत्ताच यायला लागल्यात. सांज व्हायच्या आत काम आवरायचं म्हणून दुपारचं जेवणही तिथेच होतं.

ती गूढ वाट मात्र बंद पडली. भोकं पाडणारा पक्षीही गेला. खोदकामाच्या आवाजाला बुजला असेल.

१४ नोव्हेंबर

बांबूचं कडं खुलं केलं आणि पहिल्याच दिवशी भरलं. पोरांनी गाणी लावली, बायकांची पिशव्या टेकून गप्पांची बैठक जमली. सचिव स्वतः मधल्या बाकावर बसून फोटो काढून घेत होते. मी लांबून बघत होते आणि डोळ्यांत पाणी आलं.

बाबांना हाताला धरून नेलं होतं. बसले दहा मिनिटं. एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "डॉक्टर, आता करमतं का?" तेव्हा म्हणाले, "हो, करमतं की." मग मला म्हणाले, घरी जाऊ.

२३ नोव्हेंबर

बाबांचं काहीतरी बिनसलंय. पुन्हा दोन घासांवर आले. वाचनालयात जात नाहीत. दिवसभर खुर्चीत. नवऱ्याने डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं, शरीराला काही नाही, या वयात एकटेपणा असतो, माणसांत ठेवा. आणखी किती माणसांत ठेवणार? नणंद येऊन राहिली आहे. आता दुपारचीही पाळी लागली.

चहात चुकून साखर दोनदा पडली होती. बाबा म्हणाले, गोड झालाय. आम्ही तिघं एकदम म्हणालो, "दुसरा करतो, बाबा." त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. आमचं काय चुकतंय? मला भीती वाटायला लागली आहे. सासूबाईंच्या मागोमाग हेही जातील की काय, असं आज पहिल्यांदा मनात आलं.

६ डिसेंबर

नणंद गेल्या आठवड्यात परत गेली. दुपारची पाळी आपोआप सुटली. दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, वाचनालयात जाऊन येतो. तेव्हापासून रोज निघतात, म्हणून हायसं वाटतं.

बागेत एक नवल. उंच गवताच्या चढामागे, पार कोपऱ्यात पाण्याच्या पंपाची खोली आहे. तिच्या मागे जाणारी एक नवी वाट! आत्ता कुठे गवत झुकायला लागलंय, पण माझ्या नजरेतून सुटायची नाही. तिथे बघण्यासारखं काय आहे? पंपाची घरघर आणि ओढ्याची भिंत. आणि उजव्या अंगाला पुन्हा ती भोकं.

८ डिसेंबर

कसं लिहू. क्रमानेच लिहिते.

दुपारी मुकादमाचा फोन आला की पंप बंद पडलाय. घरी न सांगता तशीच गेले. पंपाच्या खोलीजवळ पोचले तर मागून आवाज. कुणीतरी तावातावाने भांडत होतं.

"खिडकी उघडीच राहील. डास येतात तर येऊ देत. तुला काय चावतात? तुझ्या जिभेला भिऊन ते लांबूनच जातात."

मग गप्प. समोरच्याचं ऐकून घ्यावं तसं. मग पुन्हा, "हे बघ, तुझ्या बहिणीचं कौतुक मला सांगू नकोस. तिची दाढ काढली तेव्हा तिने मला लाथ मारली होती."

खोलीमागे डोकावले. रंगाच्या पालथ्या डब्यावर बाबा बसले होते. एकटेच. काठी जमिनीत रोवलेली, अजूनही बिनरबराची. मी त्या काठीकडे बघत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सगळ्या वसाहतीची पावलं वाचणारी मी, आणि घरातल्या माणसाची ओळखता आली नाहीत.

मला बघून ते ओशाळले नाहीत, चिडले. "इथेही आलीस?"

"बाबा, इथे एकटे का बसलात?"

"एकटा कुठे होतो? तू आलीस, भांडण अर्धं राहिलं."

मी खाली गवतातच बसले. मग तेच बोलायला लागले, इतक्या महिन्यांत बोलले नव्हते इतकं. "घरात मी काहीही म्हटलं तरी तुम्ही हो म्हणता. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तर तुझा नवरा म्हणेल, हो बाबा, पडदा ओढू का? आमचं दोघांचं जन्मात एका गोष्टीवर एकमत झालं नाही. आता सगळं घर एकमताने चालतं. श्वास कोंडतो माझा. तुम्ही सगळे फार चांगले आहात, त्याचाच त्रास होतो."

"बांबूत तुम्हीच यायचात?"

"बांबूत बरं होतं. पानं वाजायची, कुणाला ऐकू जायचं नाही. पंप बंद पडला की इथे पंचाईत होते, आज झाली तशी."

"मला सांगायचं होतंत, बाबा. मी तिकडे वीटही लावली नसती."

"काय सांगायचं? मेलेल्या बायकोशी भांडायला जागा ठेव म्हणून? आणि नकाशा दाखवताना तू किती खूश होतीस."

म्हणजे त्यांनीही माझ्याशी तेच केलं, जे आम्ही त्यांच्याशी करत होतो. हो ला हो. मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बाक उद्याच्या उद्या उखडते म्हटलं तर म्हणाले, "आता काढून काय? ती जागा गेली. ही तेवढी राहू दे."

९ डिसेंबर

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो प्रेमापोटी तिथे खुर्ची नेऊन ठेवेल, वर छत घालेल, आणि कुणाला तरी लांबून लक्ष ठेवायला सांगेल. मीही काल रात्रभर तेच बेत करत होते, पालथ्या डब्यापेक्षा बरं काही देता येईल का याचे. मदत करायची खोड जात नाही.

एक गोष्ट मात्र सारखी डोक्यात फिरतेय. मी वाट पाहिली आणि ती कुठे जाते ते शोधलं, पण चालणाऱ्याला काय हवंय ते गृहीत धरलं. माणूस लांब कोपऱ्यात जातो तो कधी कधी बाकीच्यांपासून लांब जायलाच जातो. एवढं साधं, आणि मला सुचलं नाही. मग बाकीच्या वाटांचं तरी मी बरोबर वाचलं का? कुत्रीवाले थबकतात ते कुत्र्यांसाठीच कशावरून? आता सगळंच पुन्हा बघावंसं वाटतंय.

१५ डिसेंबर

आज समितीची शेवटची पाहणी. वसाहतीतली बरीच माणसं आली होती. नवरा बाबांना घेऊन आला होता. सगळा फेरा झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. परत फिरताना सचिव उंच गवतापाशी थांबले. माझ्याच तालमीत तयार झालेले ते, त्यांना बरोबर दिसलं.

"मॅडम, ही बघा नवी वाट! पंपाच्या मागे जातेय. तुमच्या पद्धतीप्रमाणे इथे फरशी, एक दिवा आणि छानसा बाक. खर्च मंजूर समजा." आणि लोकांकडे वळून माझं ते टाळ्यांचं वाक्य म्हणून दाखवलं.

बाबा मागे उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, गवताकडे बघत होते.

मी म्हटलं, "नको. इथे काही करायचं नाही. दिवा नाही, बाक नाही. उलट या तोंडाशी दोन झुडपं लावणार आहे मी."

"अहो, पण गवत दबलंय की. गवत खोटं बोलत नाही, हे तुम्हीच म्हणालात."

"गवत नाही बोलत. मी चुकीचं वाचलं. एकटा माणूस रोज चालला तरी वाट मळते. म्हणून ती सगळ्यांची होत नाही."

"मग बांबूचं काय? तीही एकट्याचीच होती ना?"

"हो. तिथे चुकले मी."

सचिवांचा चेहरा पडला. बिचारे मला सगळीकडे मिरवत होते. हळूच म्हणाले, पलीकडच्या जागेचं मग सावकाश बघू, घाई नाही. मला कळलं काय ते. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज, खणखणीत. "गवत फार दाट लावलंयस. वर्षभरात मरेल."

नवऱ्याने माझी बाही ओढली. मी म्हटलं, "मरणार नाही."

"मरेल. हवा कुठे आहे मुळांना?"

"बाबा, दातांचं तुम्ही बघा. गवताचं मला कळतं."

"कळतं ते दिसतंय." असं म्हणून त्यांनी काठीने माझी गवतं दोन्हीकडे सारली. मी पुन्हा सरळ केली. त्यांनी पुन्हा सारली. नवरा कावराबावरा होऊन एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. बाबांचे गाल लाल झाले होते. इतकं ताजंतवानं मी त्यांना सासूबाई असतानाच पाहिलं होतं.

सगळे पांगल्यावर आम्ही तिघं घराकडे निघालो. बागेच्या दारापाशी येऊन बाबा थांबले.

"तू पुढे हो," ते मला म्हणाले. "याला पण ने."

"बाबा, मी थांबतो ना तुमच्याजवळ," नवरा म्हणाला.

मी त्याचा दंड धरला आणि चालायला लागले. तो सारखा मागे वळत होता. "अगं, एकटे राहिले ते. आणि सगळ्यांसमोर त्यांना असं बोलतात का? काय झालंय तुला?"

"सांगते घरी गेल्यावर. चल तू."

मलाही मागे वळून बघायचा भयंकर मोह होत होता. बघितलं नाही.